विल्यम विल्सन ह्याचे चरित्र: दारू सोडू पाहणाऱ्यास सोबती कसा मिळाला

माथेरानच्या डोंगरावर घोडा धरून किंवा ओझी वाहून पोट भरणाऱ्या, अथवा खाली नेरळ, कर्जत व खालापूर ह्या बाजूस वीटभट्टीवर राबणाऱ्या एखाद्या बंधूने दारू सोडण्याचा निश्चय केला, तर त्याने जावे कोठे, असा प्रश्न खेड्यांतील आमच्या कॅटेकिस्ट बंधूंपुढे वरचेवर येतो. मुंबई-पुण्याकडे दारू सोडलेल्या मनुष्यांच्या सभा भरतात, हे त्यांच्या कानी आलेले असते. परंतु डोंगरावरून खाली उतरणे, नेरळास गाडी धरणे, आणि दिवसाची मजुरी बुडवून दर आठवड्यास शहर गाठणे हे गरिबास कसे परवडावे? ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी, ज्या मनुष्यापासून ह्या सभांचा आरंभ झाला त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते. कारण हाच प्रश्न त्यालाही एका परक्या गावी पडला होता, आणि तो त्याने ज्या रीतीने सोडविला त्यातूनच ह्या सभा निघाल्या.

विल्यम ग्रिफिथ विल्सन ह्याचा जन्म अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात ईस्ट डॉरसेट नावाच्या लहानशा खेड्यात २६ नोव्हेंबर १८९५ रोजी झाला. हे खेडे डोंगराच्या पायथ्याशी वसलेले असून आसपास संगमरवराच्या खाणी होत्या, व विल्यमचा बाप त्या खाणींच्या कामावर असे. बापाच्या घराण्याचा प्रवाशांकरिता चालविलेला एक मुसाफिरखाना होता, आणि तेथील दारूच्या दुकानामागच्या खोलीत ह्या बालकाचा जन्म झाला. पुढचा इतिहास ठाऊक असलेल्यांस ह्या योगायोगाचे नवल वाटते. आम्ही त्यास फारसे महत्त्व देत नाही. त्याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट बापाच्या बापाची आहे. हे आजोबा मोठे मद्यपी असून दारू सोडण्याच्या शपथा त्यांनी कितीदा वाहिल्या व कितीदा मोडल्या ह्याची गणती नव्हती. एका रविवारी सकाळी ते निराश होऊन गावाजवळच्या ईओलस डोंगरावर चढले, तेथे त्यांनी देवाचा धावा केला, आणि खाली येऊन थेट गावच्या काँग्रिगेशनल मंदिरात शिरले. उपासना चालू होती. पाळकास बाजूस सारून त्यांनी आपणांस काय झाले ते मंडळीस सांगितले, आणि तेव्हापासून मरेपर्यंत दारूस स्पर्श केला नाही. ज्या पंथाच्या मिशनरींनी १८१३ साली मुंबईस येऊन मराठी मिशनचा पाया घातला त्याच पंथाचे ते मंदिर होते. ही हकीकत घरात नेहमी सांगितली जात असे. परंतु आजोबांचा डोंगर नातवाच्या कामी आला नाही. त्याला आपली वाट निराळीच शोधावी लागली.

विल्यम दहा वर्षांचा असेल नसेल तोच आईबाप विभक्त झाले. बाप दूर पश्चिमेकडे निघून गेला, आई वैद्यकीचे शिक्षण घेण्यास बॉस्टन शहरी गेली, आणि हा मुलगा व त्याची धाकटी बहीण आजोळी वाढली. आईच्या वडिलांनी एकदा सहज म्हटले की फेकल्यावर परत येणारे बूमरँग ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांवाचून कोणास करता येत नाही. एवढे शब्द मुलास पुरे झाले. सहा महिने त्याने दुसरे काही सुचू दिले नाही. शेवटी आपल्याच पलंगाच्या उशाकडील फळी कापून त्याने ते बनविले व आजोबांस फेकून दाखविले. सर्वांत पुढे असले पाहिजे, नाही तर आपण काहीच नाही, अशी त्याची वृत्ती लहानपणापासून होती. शाळेत असताना ज्या मुलीवर त्याचे प्रेम होते ती १९१२ साली शस्त्रक्रियेनंतर अकस्मात वारली, तेव्हा हा तरुण कित्येक महिने अंथरुणास खिळल्यासारखा झाला. मनाचा हा विषाद पुढे जन्मभर अधूनमधून त्याच्याकडे परत येत राहिला.

पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात अधिकारी झाला. १९१७ साली त्याची पलटण मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड गावाजवळ असताना तेथील श्रीमंत लोक अधिकाऱ्यांस मेजवान्यांस बोलावीत. विल्सन स्वभावाने बुजरा असून मोठ्या लोकांत त्यास बोलणे सुचत नसे. अशा एका मेजवानीत त्याने पहिला पेला घेतला, आणि जन्मभर आपल्यात व इतरांत उभी असलेली भिंत पडली असे त्यास वाटले. दारूचे दुःख पुष्कळ लोक सांगतात, पण ती प्रथम काय देते हे कोणी सांगत नाही. ते ठाऊक नसलेल्या उपदेशकाचे शब्द मद्यपीच्या कानांवरून निघून जातात. २४ जानेवारी १९१८ रोजी विल्सनने लोइस बर्नहॅम हिच्याशी विवाह केला व तो युद्धावर गेला. जाताना इंग्लंडात विंचेस्टरच्या मोठ्या मंदिराच्या आवारात त्याने एका शिपायाचे थडगे पाहिले. हा शिपाई १७६४ साली तहानेच्या भरात थंड बिअर पिऊन मेला, असे त्यावर कोरले होते. तरुण अधिकाऱ्यास त्याची गंमत वाटली, आणि तो पुढे गेला.

युद्धानंतर तो न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात शिरला. त्याची हुशारी येथे उपयोगी पडली. कंपन्यांचे शेअर घेण्यापूर्वी त्यांचे कारखाने स्वतः पाहून यावेत ही कल्पना त्या काळी नवी होती. १९२५ साली तो व लोइस मोटारसायकलीवर तंबू व जाडजूड हिशेबाची पुस्तके घालून बाहेर पडले, आणि गावोगाव फिरून त्यांनी कारखान्यांची माहिती गोळा केली. तिच्या मनात दुसराही एक हेतू होता: नवऱ्यास शहरातील दारूपासून दूर न्यावे. पैसा मिळाला, दारू मात्र सुटली नाही. त्या दिवसांत, म्हणजे १९२० पासून १९३३ पर्यंत, अमेरिकेत सर्व देशभर कायद्याने दारूबंदी होती, हे विसरू नये. विल्सनचे सगळे वाईट दिवस बहुतेक त्या बंदीतच गेले. आमच्याकडे मुंबई प्रांतात १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला, त्यापूर्वी १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. तरी डोंगरातील हातभट्टी विझली नाही, हे कर्जतच्या बाजूच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. कायदा गुत्ता बंद करू शकतो. तहानेवर त्याचा इलाज चालत नाही.

१९२९ च्या ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला, व त्याबरोबर विल्सनही. नवराबायको लोइसच्या वडिलांच्या ब्रुकलिन येथील घरी येऊन राहिली. लोइस एका मोठ्या दुकानात नोकरीस लागली. ती दिवसभर उभी राहून मिळवी, आणि तो तिच्या थैलीतून पैसे काढून दारू आणी. त्यांस मूलबाळ झाले नाही. घरच्या पवित्र शास्त्रात १९२८ पासून १९३० पर्यंत त्याने आपल्या हाताने निरनिराळ्या तारखांस लिहून ठेवले होते की आता दारू पिणार नाही. प्रत्येक वेळी तो खरेच बोलत होता, व प्रत्येक वेळी शब्द मोडला. आमच्या मंडळ्यांतूनही वार्षिक सभेच्या वेळी शपथपत्रावर सह्या घेण्याची चाल होती. ती चाल वाईट असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याची शपथ मोडली त्यास लबाड ठरवून दूर लोटण्यापूर्वी आम्हांस त्या शास्त्राच्या पानाची आठवण व्हावी.

१९३३ च्या अखेरीपासून १९३४ च्या डिसेंबरपर्यंत त्यास न्यूयॉर्कच्या टाउन्स इस्पितळात चार वेळा ठेवावे लागले. तेथील डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ हे दयाळू गृहस्थ होते. त्यांचे मत असे की मद्यपी मनुष्य हा केवळ दुष्ट किंवा दुबळा नसून रोगी असतो: त्याच्या शरीरास दारू सोसत नाही, एक घोट पोटात गेला की आणखी हवी असे होते, आणि मन मात्र त्यास पुन्हापुन्हा त्या पहिल्या घोटाकडे ओढीत राहते. हे ऐकून विल्सनला प्रथम समाधान वाटले, कारण आपल्यास काय झाले आहे हे कळले. परंतु कळण्याने सुटका झाली नाही. तो पुन्हा प्यालाच. शेवटी डॉक्टरांनी लोइसला सांगितले की ह्यास कोठेतरी कोंडून ठेवावे लागेल, नाही तर तो वेडा होईल किंवा मरेल.

१९३४ च्या नोव्हेंबरात त्याचा जुना शाळासोबती व पिण्यातील जोडीदार एबी थॅचर भेटीस आला. विल्सनने स्वयंपाकघरातील मेजावर दारू काढून ठेवली होती. एबीने पेला घेतला नाही. त्याचे डोळे स्वच्छ होते, व आपल्यास देव भेटला असे त्याने साधेपणाने सांगितले. त्या वेळी ऑक्सफर्ड ग्रुप नावाची एक ख्रिस्ती चळवळ अमेरिकेत व इंग्लंडात चालू होती. आपले पाप दुसऱ्या विश्वासू माणसाजवळ कबूल करावे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करावी, आणि मौन प्रार्थनेत देवाचे मार्गदर्शन मागावे, हा तिचा मुख्य भर. न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी मंदिराचे पाळक रेव्ह. सॅम्युएल शूमेकर हे तिचे एक पुढारी असून त्यांच्या मंदिराने रस्त्यावर पडलेल्या मद्यपींसाठी एक मिशनघर चालविले होते. विल्सन तेथे गेला, तोही प्यालेल्या स्थितीतच. थोड्याच दिवसांनी, ११ डिसेंबर १९३४ रोजी, तो शेवटचा इस्पितळात दाखल झाला. तेथे निराशेच्या तळाशी असताना त्याने देवास हाक मारली, खोली प्रकाशाने भरल्यासारखी झाली, व आपण एखाद्या डोंगराच्या शिखरावर उभे असून स्वच्छ वारा आपल्यातून वाहत आहे असे त्यास वाटले. आपण भ्रमिष्ट तर झालो नाही ना, अशी त्यास भीती वाटली, डॉ. सिल्कवर्थ ह्यांनी त्यास धीर देऊन, जे मिळाले आहे ते घट्ट धरून ठेव, असा सल्ला दिला. त्यानंतर छत्तीस वर्षे तो जगला, व पुन्हा प्याला नाही.

येथे गोष्ट संपली असती तर आमच्या वाचकांनी ऐकलेल्या शेकडो साक्षींत आणखी एकीची भर पडली असती. पण खरी अडचण पुढेच होती. पाच महिने विल्सन दारुड्यांच्या मागे फिरला. इस्पितळात, मिशनघरात, आपल्या घरी आणून त्याने त्यांस उपदेश केला, व आपणांस दिसलेल्या प्रकाशाचे वर्णन केले. एकही मनुष्य टिकला नाही. तो खिन्न झाला. तेव्हा लोइसने त्याच्या ध्यानात आणून दिले की दुसरा कोणी टिकला नसला तरी तो स्वतः टिकला आहे. आणि डॉ. सिल्कवर्थ ह्यांनी त्यास बजाविले की उपदेश पुरे कर. आधी रोगाची हकीकत सांग, देवाविषयी मागाहून.

१९३५ च्या मे महिन्यात एका कंपनीच्या मालकीच्या तंट्यानिमित्त तो ओहायओ राज्यातील ॲक्रन शहरी गेला होता. तंटा हरला, सोबतचे लोक निघून गेले, आणि मेफ्लॉवर नावाच्या हॉटेलात तो एकटा राहिला. खिशात सुमारे दहा डॉलर होते, आणि हॉटेलचे बिलही द्यावयाचे होते. शनिवार, ११ मे चा तो तिसरा प्रहर. हॉटेलच्या दिवाणखान्याच्या एका टोकास दारूचे दालन होते व तेथून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. आत जाऊन सोड्याचे पाणी घ्यावे, कोणाची ओळख करून घ्यावी, असा विचार मनात आला. आणि त्या विचाराचीच त्यास भीती वाटली. आजवर दुसऱ्या मद्यपीशी बोलत राहिल्याने आपण तगलो हे त्यास त्या क्षणी उमजले. त्यास उपदेशक नको होता, डॉक्टर नको होता. त्यास दुसरा मद्यपी हवा होता.

दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकास टेलिफोन होता, व तेथे शहरातील मंदिरांची यादी लावलेली होती. त्याने त्यातले एक नाव निवडले. ते रेव्ह. वॉल्टर टंक्स ह्यांचे निघाले. आपण न्यूयॉर्कहून आलेला एक दारुडा असून आपल्यास बोलण्याकरिता येथील एखादा दारुडा हवा आहे, असे त्याने त्यांस उघड सांगितले. कॅटेकिस्ट बंधूंनो, आमच्यापैकी एखाद्यास शनिवारी, उद्याच्या उपदेशाची तयारी चालू असता, असा निरोप आला तर आम्ही काय करू? हा नशेत बडबडतो आहे असे समजून दार लावून घेऊ, असेच बहुतकरून होईल. टंक्ससाहेबांनी दार लावले नाही. त्यांनी त्यास सुमारे दहा नावे दिली. विल्सनने एकामागून एक सर्वांस टेलिफोन केला. कोणी घरी नव्हते, कोणास सवड नव्हती. शेवटच्या गृहस्थाने एका बाईचे नाव सुचविले: हेन्रिएटा सायबर्लिंग. हे आडनाव तेथील रबराच्या मोठ्या कारखानदारांचे. अशा घरी आपली कर्मकथा कशी सांगावी, म्हणून विल्सन बराच वेळ घुटमळला. मग त्याने धीर करून टेलिफोन केला. ही बाई ऑक्सफर्ड ग्रुपमधील असून एका मद्यपी डॉक्टरासाठी कित्येक आठवडे प्रार्थना करीत होती. तिने त्यास लगेच यावयास सांगितले.

तो डॉक्टर म्हणजे रॉबर्ट होल्ब्रुक स्मिथ, वय ५५, शस्त्रक्रियेत निष्णात, आणि जन्माने विल्सनप्रमाणेच व्हरमाँटचे. दोन वर्षांहून अधिक काळ ते ऑक्सफर्ड ग्रुपच्या सभांस जात, शास्त्र वाचीत, प्रार्थना करीत, आणि पीत. त्या शनिवारी ते पत्नीसाठी फुलझाडाची कुंडी घेऊन घरी आले व स्वतः मेजाखाली आडवे झाले. म्हणून भेट दुसऱ्या दिवशी, रविवारी सायंकाळी पाच वाजता ठरली. डॉक्टरांच्या हातांस कंप सुटला होता, आणि पंधरा मिनिटांहून अधिक थांबणार नाही अशी अट त्यांनी पत्नीस आधीच घातली होती. ते दोघे एका खोलीत बसले, आणि रात्री अकरा वाजून गेल्यावर बाहेर आले. विल्सनने त्यांस उपदेश केला नाही. स्वतःचीच कथा सांगितली, डॉ. सिल्कवर्थ ह्यांनी सांगितलेले रोगाचे स्वरूप समजावले, आणि मुख्य म्हणजे आपल्यास त्यांची गरज आहे हे कबूल केले. डॉक्टरांस दारूविषयी पुस्तकांतून जे कळावयाचे ते सर्व ठाऊक होते. पण ज्यास ती आतून ठाऊक आहे असा मनुष्य त्यांच्याशी असा बोललेला नव्हता.

विल्सन त्यांच्या घरी राहावयास गेला. डॉक्टरांच्या पत्नी ॲनबाई सकाळी शास्त्रपाठ घेत. याकोबाचे पत्र, डोंगरावरील प्रवचन, व पहिल्या करिंथकरांस पत्राचा तेरावा अध्याय हे त्या घरी विशेष आवडीचे. तरी डॉक्टर आणखी एकदा घसरले. वैद्यकीय परिषदेस म्हणून अटलांटिक सिटीस गेले व तेथून झिंगूनच परत आले. १० जून १९३५ रोजी त्यांस एक शस्त्रक्रिया करावयाची होती. हात स्थिर राहावा म्हणून सकाळी विल्सननेच त्यांस बिअरची एक बाटली दिली. शस्त्रक्रिया पार पडली, पण डॉक्टर घरी येईनात. घरी सर्वांच्या जिवाची उलघाल झाली. ते संध्याकाळ उलटल्यावर आले, आणि कळले की दिवसभर ते गावात घरोघर जाऊन, ज्यांचे ज्यांचे देणे होते व ज्यांस ज्यांस दुखविले होते, त्यांची क्षमा मागत फिरत होते. ती बिअर त्यांच्या आयुष्यातील शेवटची दारू. तो दिवस ह्या मंडळाचा स्थापनादिन म्हणून पाळला जातो.

मग दोघे मिळून तिसऱ्याच्या शोधास लागले. ॲक्रनच्या इस्पितळात एक वकील पलंगास बांधून ठेवलेला होता; तो एके काळी आपल्या मंडळीत डीकन होता, आणि आता त्याने दोन परिचारिकांस मारले होते. दोघे त्याच्या पलंगाशी बसून बोलले. थोड्याच दिवसांत तो पत्नीबरोबर चालत घरी गेला, आणि पुन्हा प्याला नाही. ह्या तिघांच्या बसण्यास त्या वेळी नाव नव्हते, जागा नव्हती, नियम नव्हते. १९३७ च्या अखेरीस विल्सन व डॉक्टर ह्यांनी मोजून पाहिले तो चाळीसेक मनुष्ये टिकलेली आढळली.

पुढील वाढ आम्ही थोडक्यात सांगतो. १९३९ साली विल्सनने लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात बारा पायऱ्यांचा क्रम दिला आहे, व पुस्तकाचेच नाव मंडळास पडले: अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे निनावी मद्यपी. जॉन रॉकफेलर नावाच्या धनाढ्याकडे मदत मागितली असता त्याने मोठी रक्कम दिली नाही. पैशाने ह्या कामाचा नाश होईल असे त्यास वाटले. विल्सन त्या वेळी रागावला असावा, कारण त्याच १९३९ साली कर्जापायी त्याचे घर गेले, आणि दोन वर्षे हे जोडपे कधी ह्या मित्राकडे तर कधी त्या मित्राकडे राहिले. पण मागाहून त्याने तेच तत्त्व नियमात घातले: बाहेरून देणगी घ्यावयाची नाही, सभासदास शुल्क नाही, वादात पडावयाचे नाही, आणि वर्तमानपत्रांत कोणी आपले नाव मिरवावयाचे नाही. १९४१ च्या मार्चात एका मोठ्या साप्ताहिकात लेख आला, आणि वर्षभरात सभासद दोन हजारांचे आठ हजार झाले. डॉक्टर स्मिथ ह्यांनी सिस्टर इग्नेशिया नावाच्या कॅथलिक भगिनीच्या साह्याने दहा वर्षांत सुमारे पाच हजार मद्यपींवर फुकट उपचार केले. ते १६ नोव्हेंबर १९५० रोजी वारले. आणि सभेच्या वेळी नवरे आत बोलत असता बायका बाहेर वा स्वयंपाकघरात ताटकळत बसत, त्यांसही एकमेकींशी बोलावयाचे पुष्कळ असते, हे लोइसने ओळखले. तिने १९५१ साली कुटुंबीयांकरिता अल-अनॉन ही वेगळी संस्था काढली.

भारतात ह्या सभांचा आरंभ १९५७ साली दिल्लीत झाला, व मुंबईत त्या लवकरच सुरू झाल्या. तेथे मराठीतही सभा भरतात. मुंबईतील वांद्र्याच्या माउंट कार्मेल मंदिरात फादर जो परेरा ह्यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशनचे काम ह्याच बारा पायऱ्यांवर उभे केले. पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली मुक्तांगण काढले, त्यास पु. ल. देशपांडे ह्यांची देणगी होती. तेथेही बरे झालेले लोकच नव्यांस धीर देतात.

तेव्हा माथेरानच्या बंधूने काय करावे? मंडळाचे भारताकरिताचे कार्यालय मुंबईत आहे. कर्जत-कल्याण मार्गावर जवळची सभा कोणत्या वारी व कोठे भरते हे तेथे विचारून कॅटेकिस्टाने आधीच टिपून ठेवावे, कारण जागा व वेळा बदलतात, आणि पिणाऱ्याचा निश्चय चौकशी होईपर्यंत थांबत नाही. सरकारचा व्यसनमुक्तीकरिता १४४४६ हा टेलिफोन क्रमांक आहे. खुल्या सभेस घरचा मनुष्य किंवा कॅटेकिस्टही बसू शकतो. बंद सभा केवळ मद्यपींची असते, तेथे आपण दाराशी थांबावे. पहिल्या खेपेस त्यास एकट्यास पाठवू नये. नेरळच्या गाडीत त्याच्या शेजारी बसून जावे. जो रोज पुष्कळ पितो त्याने एकदम सोडल्यास कंप, झटके व भ्रम होऊन प्राणासही धोका असतो, म्हणून प्रथम सरकारी रुग्णालयात डॉक्टरांस दाखवावे. आणि त्याचे नाव मंडळीपुढे प्रार्थनेच्या निमित्तानेही काढू नये. खेड्यात गुप्त राहणे आधीच कठीण असते.

दर आठवड्यास जाणे जमले नाही तरी वाट बंद होत नाही. जहाजावर किंवा दूर एकाकी ठिकाणी राहणारे सभासद पूर्वीपासून एकमेकांस पत्रे लिहून तग धरीत आले आहेत, आणि आता मोबाइलवरूनही सभा भरतात. शिवाय ज्या डोंगरावर एकाने सोडली आहे तेथे दुसरा असतोच, मग तो आपल्या मंडळीचा असो, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाडीतला असो, की बाजारातला दुकानदार. ॲक्रनच्या त्या रविवारी दोनच मनुष्ये बसली होती. दोघांची ही गाठ घालून देणे, एवढे काम टंक्ससाहेबांप्रमाणे आम्हां पाळक-कॅटेकिस्टांकडे येते. पुढचे बोलणे आम्हांस करता येत नाही, व ते करण्याचा आम्ही हट्टही धरू नये.

विल्सन हा साधुपुरुष नव्हता, आणि त्यास तसे रंगविणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही. वैवाहिक निष्ठेत तो उणा पडला. सिगारेट त्यास सोडता आली नाही, आणि तिनेच त्याची फुप्फुसे निकामी केली. १९४४ नंतर कित्येक वर्षे विषादाने त्यास घेरले होते. हजारो लोक ज्याच्याकडे धीर मागावयास येत तो स्वतः सकाळी अंथरुणातून उठू शकत नसे. तरी त्याची एक गोष्ट आम्हांस थोर वाटते. ज्यास लहानपणी सर्वांत पुढे असावयाचे होते त्याने १९५४ साली येल विश्वविद्यालयाची सन्माननीय पदवी नाकारली, आणि १९५५ साली सेंट लुइस येथील अधिवेशनात मंडळाचा सर्व कारभार सभासदांच्या हाती सोपवून दिला. एबी थॅचर, ज्याने त्यास मार्ग दाखविला, तो स्वतः मात्र पुनःपुन्हा प्याला. विल्सनने त्यास कधी टाकले नाही, आपला वाट दाखविणारा असेच तो त्यास म्हणत राहिला. एबी १९६६ साली वारला, तेव्हा तो शुद्धीवर होता.

शेवटच्या आजारात, प्राणवायूच्या नळीवर असता, विल्सनने आपल्या शुश्रूषा करणाऱ्यांकडे दारू मागितली. ती त्यास दिली गेली नाही. हे वाचून कोणास धक्का बसेल. आम्हांस तर छत्तीस वर्षांचे त्याचे रोजचे काम किती अवघड होते ते ह्यावरून कळले. २४ जानेवारी १९७१ रोजी मायामी शहरी त्याचे देहावसान झाले. तो त्याच्या विवाहाचा त्रेपन्नावा वाढदिवस होता. त्याचे पूर्ण नाव व त्याने काय केले हे वर्तमानपत्रांनी त्यानंतर छापले. ईस्ट डॉरसेटच्या दफनभूमीत, लहानपणच्या त्या डोंगराजवळ, त्यास पुरले आहे. लोइस १९८८ साली वारली, ती त्याच्या शेजारी आहे. दगडावर त्याचे नाव, जन्ममृत्यूच्या तारखा व पलटणीची नोंद आहे, मंडळाविषयी एक अक्षरही नाही. दूरदूरचे लोक तेथे येतात, आणि आपण किती महिने किंवा किती वर्षे प्यालो नाही हे दाखविणारी, सभेत मिळालेली लहान नाणी त्या दगडावर ठेवून जातात.